वडील गप्प का झाले? उतारवयात मनावर कशाकशाचा परिणाम होतो

प्रश्न: वडील ७४ वर्षांचे आहेत. आईला जाऊन दोन वर्षं झाली. वर्षश्राद्धानंतर आम्ही त्यांना सांगली जिल्ह्यातल्या गावाहून पिंपरीला आमच्याकडे आणलं. गेले सहा-सात महिने ते फारसं बोलत नाहीत. जेवण निम्म्यावर आलंय, पहाटे तीनला उठून बसतात, नावं विसरतात, ‘आता काय राहिलंय’ एवढंच म्हणतात. बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या चालू आहेत. झोपेची गोळी पूर्वीपासून मेडिकलमधून आणून घेतात, तीही चालू आहे. डॉक्टर म्हणाले, वयाचा परिणाम आहे. हा स्मृतिभ्रंश आहे की दुःख? या वयात मनावर नक्की कशाकशाचा परिणाम होतो?

उत्तर: ‘वयाचा परिणाम’ एवढ्यावर थांबू नका. चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणूस सावकाश चालतो, एखादं नाव आठवायला वेळ घेतो, झोप हलकी होते. एवढं वयाच्या खात्यावर टाकता येईल. जेवण निम्म्यावर येणं, कशातच मन न लागणं, महिनोन् महिने गप्प बसणं, हे त्या खात्यावर जात नाही. त्यामागे कारणं असतात, बहुतेक वेळा तीन-चार एकत्र, आणि त्यातली निम्मीअधिक हात घालण्यासारखी असतात. वृद्धांच्या मानसिक आजारांवर इतकी वर्षं काम करताना मला सर्वांत जास्त त्रास याच गोष्टीचा होतो की बरे होण्यासारखे आजी-आजोबा ‘वय झालं’ या दोन शब्दांखाली वर्षानुवर्षं तसेच बसून राहतात.

हे माझं एकटीचं निरीक्षण नाही. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभर ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. तीत साठीपुढच्या सुमारे ८ टक्के लोकांमध्ये उपचार लागतील अशा नैराश्याची लक्षणं सापडली. पण नैराश्याचं निदान झालं आहे असं सांगणारे १ टक्कासुद्धा नव्हते. म्हणजे दहातल्या नऊ जणांचं दुखणं कुणी ओळखलेलंच नव्हतं.

आता तुमच्या वडिलांबद्दल. मी त्यांना पाहिलेलं नाही, त्यामुळे निदान करणार नाही. पण तुम्ही लिहिलंय त्यावरून कुठे कुठे पाहायचं ते सांगते.

सुरुवात शरीरापासून करा, मनापासून नव्हे. घरच्यांना हे उलट वाटतं, कारण आई गेल्याचं दुःख समोर दिसतं आणि सोडियम दिसत नाही. बीपीच्या काही गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असतं; क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायाझाइड हे नाव पाकिटावर बघा. वयस्कर माणसात त्याने रक्तातलं सोडियम उतरू शकतं. सोडियम हळूहळू उतरलं की माणूस सुस्त होतो, भूक जाते, बोलणं कमी होतं, गोंधळल्यासारखा वागतो. थायरॉईड कमी झाला तरी चित्र थेट नैराश्यासारखं दिसतं. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे फार आहे. शाकाहारी माळकरी घरांत तर आहेच, शिवाय वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी घेणाऱ्यांत आणि ‘गॅस होतो’ म्हणून रोज पॅन्टोप्राझोल घेणाऱ्यांतही ती वाढते. पायाला मुंग्या येतात का, चालताना तोल जातो का, हे वडिलांना विचारा. हिमोग्लोबिन, सोडियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), टीएसएच (थायरॉईडसाठी), बी-१२, साखर आणि लघवीची तपासणी एवढं एकदा करून घ्या. खर्च फार नाही आणि कित्येकदा अर्धं कोडं इथेच सुटतं.

साखरेबद्दल एक गोष्ट जोर देऊन सांगते. तुमचे वडील निम्मं जेवतात. साखरेची गोळी मात्र पूर्वीच्याच डोसची चालू असेल. त्यात ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड असेल तर रात्री साखर खाली जाऊ शकते. पहाटे तीनला दचकून जाग, घाम, छातीत धडधड, नंतर दिवसभर मरगळ. हे सगळं ‘चिंता’ म्हणून समोर येतं आणि मूळ साखरेत असतं. पुढचे काही दिवस पहाटे जाग येते त्याच वेळी बोटातून साखर तपासा आणि आकडे लिहून ठेवा. ७० च्या खाली आकडा दिसला तर लगेच काहीतरी गोड खायला द्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

आणखी एक बाब माझ्या पाहण्यात वारंवार येते. अनेक घरांत नवऱ्याच्या गोळ्या बायको सांभाळत असते. सकाळची कुठली, जेवणाआधीची कुठली, संपत आली की कुणाला सांगायचं, हे सगळं तिला पाठ असतं. ती गेली की हे गृहस्थ एक गोळी दोनदा घेतात किंवा बीपीची गोळी आठवडाभर विसरतात. दोन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हापासून वडिलांच्या गोळ्या कोण देतं, ते स्वतःच घेतात का, हे एकदा नीट पाहा.

झोपेची गोळी ही तर वेगळीच डोकेदुखी आहे. मेडिकलमधून आणलेली म्हणजे बहुधा अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम. तरुणाच्या शरीरातून ती त्यामानाने लवकर निघते, सत्तरीपुढे जास्त वेळ अंगात राहते. त्याने विसरणं वाढतं, तोल जातो आणि रात्री बाथरूमला जाताना पडून खुब्याचं हाड मोडतं. पण हे वाचून आजच ती बंद करू नका. वर्षानुवर्षं घेतलेली अशी गोळी एकदम थांबवली तर भयंकर अस्वस्थता येते, क्वचित झटकेही येतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली महिन्या-दोन महिन्यांत, कधी त्याहून सावकाश, ती उतरवावी लागते. सर्दीच्या साध्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामिन, दुखण्यासाठी दिलेलं ॲमिट्रिप्टिलिन, लघवी रोखायला दिलेलं ऑक्सिब्युटिनिन या औषधांनीही वयस्कर मेंदू गोंधळतो. तीन डॉक्टरांच्या तीन चिठ्ठ्या एकमेकांना ठाऊक नसतात, म्हणून एका डॉक्टरांनी सगळ्या गोळ्या एकत्र बघायला हव्यात.

कान आणि डोळे. वडिलांना ऐकू कमी येतं का? तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून विचारते. ऐकू न येणारा माणूस आधी ‘काय?’ विचारतो, मग अंदाजाने उत्तर देतो, उत्तर चुकलं की नातवंडं हसतात, आणि एक दिवस तो बोलणंच सोडतो. घरच्यांना वाटतं, विसरायला लागलेत. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने स्मृतिभ्रंशावर नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी १४ कारणं मांडली. ती सगळी दूर करता आली तर जगातला जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल असा त्यांचा अंदाज आहे. त्यात कमी ऐकू येणं, उपचार न केलेली दृष्टी, मधुमेह, नैराश्य आणि एकटेपणा हे सगळं आहे. आधी कानातला मळ काढून घ्या, मग ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी. कानाचं यंत्र घेतलं तर ते सरावाचं होईपर्यंत पहिले काही आठवडे शेजारी बसून मदत करा, नाहीतर ते कपाटात पडून राहतं.

गुडघेदुखी आणि लघवीचा त्रास यांच्याबद्दल थोडक्यातच सांगते, पण दोन्हींना कमी लेखू नका. प्रोस्टेटमुळे दर तासाला जावं लागतं म्हणून बाहेर पडणं बंद केलेले आजोबा आणि खोकलं की लघवी होते म्हणून भजनाला जाणं सोडलेल्या आजी, दोघंही कारण सांगत नाहीत. ‘कंटाळा आला’ म्हणतात.

आता दुःखाकडे येऊ. जोडीदार गेल्यावर दोन वर्षांनीही आठवण येणं, डोळ्यांत पाणी येणं स्वाभाविक आहे. शोक लाटांनी येतो. मधल्या वेळात माणूस हसतो, नातवाचं कौतुक करतो, आवडीचं खातो. नैराश्यात तशी उसंत नसते. सकाळ सगळ्यांत वाईट असते, आवडीचंही बेचव लागतं आणि स्वतःबद्दल ‘मी ओझं आहे’ हा विचार घर करतो. तुमच्या वर्णनात मला दुसऱ्या प्रकारच्या खुणा जास्त दिसतात. आपल्याकडे पहिलं वर्ष दिवस-वार, महिन्याचं घालणं, येणारे-जाणारे यांत निघून जातं. वर्षश्राद्ध झालं की माणसं येणं थांबतं. नेमकं तेव्हाच तुम्ही त्यांना पिंपरीला आणलंत. तुमचा हेतू चांगलाच होता आणि कदाचित दुसरा इलाजही नव्हता. तरी त्या माणसाच्या आयुष्यातून पाठोपाठ दोन गोष्टी गेल्या, हे लक्षात घ्या: बायको आणि गाव.

गाव गेलं म्हणजे काय गेलं, ते जरा तपशिलात पाहू. पहाटे उठून डेअरीला दूध घालायला जाणं. सोसायटीच्या निवडणुकीवर पारावर वाद घालणं. बागेची छाटणी कधी धरायची हे विचारायला कुणीतरी येणं. एकादशीचं कीर्तन. वाटेत चार जणांनी ‘आबा, कुठं निघाला?’ म्हणणं. यातली एकही गोष्ट ‘मनोरंजन’ नव्हती. त्यातून त्यांना रोज कळत होतं की आपल्याला कुणीतरी ओळखतं आणि आपल्या शब्दाला वजन आहे. सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये त्यांना विचारायला काय उरलं? टीव्हीचा रिमोट नातवाकडे, भाजी ॲपवरून, आणि प्रेमापोटी सगळे म्हणतात, ‘बाबा, तुम्ही काही करू नका, नुसता आराम करा.’ माझ्या मते उतारवयातल्या मनाला या वाक्याइतकं नुकसान फार थोड्या गोष्टी करतात. जन्मभर घर चालवलेल्या माणसाला आरामाची शिक्षा होते. रोपाला खत-पाणी सगळं दिलं पण उन्हातून उचलून आत ठेवलं, तर ते पिवळं पडतं, तसं होतं हे.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबाला मी विचारते: गेल्या महिन्याभरात घरातला कुठला निर्णय यांना विचारून झाला? आणि झाल्यावर तसाच अमलात आला का? पुष्कळदा खोलीत शांतता पसरते. निर्णय मोठा नको. रोजचं दूध आणि भाजी त्यांनी स्वतः जाऊन आणावी, पैसे त्यांच्या खिशात असावेत, चुकीची भाजी आणली तरी ती शिजावी. गावाकडच्या जमिनीचं काही ठरवायचं असेल तर फोन त्यांच्या हातात द्यावा. महिन्यातून एकदा तरी गावी जाणं ठरवून टाका. ते ७४ चे आहेत, म्हणजे एसटीत आज अर्धं तिकीट. ७५ पूर्ण झाली की अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेत राज्यात प्रवास मोफत. प्रकृती झेपत असेल आणि ते म्हणत असतील तर वर्षातले काही महिने गावी राहण्याचा विचारही मोकळ्या मनाने करा. शहरातच राहायचं असेल तर जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघाची चौकशी करा, पण पहिल्या दोन-तीन वेळा बरोबर जा. उदास माणसाला ‘जा की तिथे, मन रमेल’ म्हणून पाठवलं तर तो दारातून परत येतो.

पैशाचाही यात मोठा वाटा असतो, त्यावर घरात कुणी बोलत नाही. ज्यांच्या नावावर काही नाही, विशेषतः ज्या बायकांनी आयुष्यभर घर सांभाळलं आणि स्वतःचं खातंसुद्धा उघडलं नाही, त्यांना औषधाच्या पन्नास रुपयांसाठी हात पसरावा लागतो. ती लाज आत साठत जाते. हयातीतच सगळं मुलांच्या नावे बक्षीसपत्र करून मोकळे झालेले वडीलही मी पाहते. काहींचं ठीक चालतं, काहींना मग घरात कुणी विचारत नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह आणि कल्याण कायदा २००७ चा आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ केला नाही, तर कलम २३ खाली ती परत मागता येते. पण ती अट दस्तात स्पष्ट लिहिलेली असावी, म्हणजे पुढे वाद राहत नाही. निर्वाहासाठी प्रांताधिकाऱ्यांकडे न्यायाधिकरण असतं. घरात टोचून बोलणं, अंगावर ओरडणं, खायला उशिरा देणं असं काही होत असेल तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे. हे तुमच्या घराबद्दल म्हणत नाही. हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

पुष्कळ आजींबाबत आणखी एक कारण असतं, ते म्हणजे शुश्रूषा. पक्षाघात झालेल्या नवऱ्याचं सगळं करणारी सत्तर वर्षांची बायको हीच घरातली दुसरी रुग्ण असते. तिची झोप, तिची पाठ, तिचा बीपी कुणी विचारत नाही. आठवड्यातून एक दिवस तरी तिच्या जागी दुसरं कुणी उभं राहिलंच पाहिजे.

हे सगळे घटक एकत्र धरून काम केलं तर फरक पडतो का? पडतो, आणि त्याचा चांगला पुरावा आपल्या शेजारी गोव्यातच आहे. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, नैराश्याची थोडी थोडी लक्षणं असलेल्या साठीपुढच्या १८१ जणांवर एक प्रयोग झाला. २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. डॉक्टर नव्हे, प्रशिक्षण दिलेले साधे समुपदेशक निम्म्या लोकांना भेटत. अडचणी एकेक करून कशा सोडवायच्या, झोपेची घडी कशी बसवायची, साखर-बीपी कसं सांभाळायचं आणि सरकारी योजनांचा लाभ कसा मिळवायचा, एवढंच ते पाहत. वर्षभरात नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटात १४ टक्क्यांहून अधिक लोकांना नैराश्य आलं, समुपदेशक भेटत त्या गटात साडेचार टक्क्यांहूनही कमी लोकांना. प्रयोग लहान होता, पण त्याची रचना मला फार शहाणपणाची वाटते. पेन्शनचा अर्ज भरून देणं हाही तिथे मानसिक आरोग्याच्या उपचाराचा भाग धरला होता.

स्मृतिभ्रंश आहे का, या तुमच्या प्रश्नाकडे येते. नैराश्यातला माणूस स्वतः तक्रार करतो की मला आठवत नाही. प्रश्न विचारला तर प्रयत्न न करताच ‘माहीत नाही’ म्हणतो. आणि बदल कधीपासून झाला हे घरचे साधारण महिना धरून सांगू शकतात. स्मृतिभ्रंशातला माणूस बहुधा विसरणं झाकतो, तक्रार घरचे करतात, आणि सुरुवात कधी झाली हे कुणालाच सांगता येत नाही. ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, पैशाचा हिशेब न जमणं, तोच प्रश्न दहा मिनिटांत चारदा विचारणं या खुणा असतील तर स्मृतीची पद्धतशीर तपासणी हवीच. दोन्ही आजार एकत्रही असू शकतात. साठीनंतर पहिल्यांदाच आलेलं नैराश्य कधी कधी पुढच्या स्मृतिभ्रंशाची चाहूल असते, म्हणून मन सुधारल्यावर काही महिन्यांनी स्मृती पुन्हा तपासतात. आणि जर एक-दोन दिवसांत अचानक बरळणं, माणसं न ओळखणं, दिवसा झोप नि रात्री जागरण सुरू झालं, तर तो यातला कुठलाच प्रकार नाही. त्यामागे जंतुसंसर्ग, सोडियम, औषध किंवा असंच काही शारीरिक असतं, आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं असतं.

नैराश्य निघालं तर औषध घ्यायला घाबरू नका. सर्ट्रालिन किंवा एस्सिटालोप्रामसारखं औषध लहान डोसने सुरू करतात. या औषधांनीही सोडियम उतरू शकतं, म्हणून पहिल्या काही आठवड्यांत रक्त पुन्हा तपासावं लागतं. परिणाम दिसायला या वयात सहा-आठ आठवडे लागतात. दहा दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून सोडू नका आणि बरं वाटल्यावरही स्वतःहून थांबवू नका. या गोळ्यांची सवय लागते ही भीती मुख्यतः मघाच्या झोपेच्या गोळ्यांवरून आलेली आहे. बोलण्यातून होणारे उपचारही सत्तरीपुढे लागू पडतात. खाणं-पिणं पूर्ण थांबलं असेल, किंवा ‘माझी आतडी सडली’, ‘मी पाप केलंय’ असे पक्के भ्रम असतील, तर विजेचे उपचार जीव वाचवतात. भूल देऊन केले जाणारे ते उपचार चित्रपटांत दाखवतात तसे नसतात.

‘आता काय राहिलंय’ हे वाक्य ऐकून पुढे जाऊ नका. शांत वेळ बघून शेजारी बसा आणि सरळ विचारा: ‘बाबा, जगणं नकोसं वाटतं का? जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बऱ्याच जणांना कुणीतरी विचारलं याने हलकं वाटतं. उत्तर ‘हो’ आलं, किंवा ते उत्तर टाळत आहेत असं वाटलं, तर त्यांना एकटं ठेवू नका, सगळ्या गोळ्या कुलपात ठेवा, गावाकडच्या घरात फवारणीचं औषध असेल तर तेही हलवायला सांगा आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं, आणि तुम्हालाही त्यावर सल्ला मिळेल.

तपासणीला येताना घरातल्या झाडून सगळ्या गोळ्या एका पिशवीत आणा, काढे आणि चूर्णंही. जुने रिपोर्ट आणि पहाटेच्या साखरेचे आकडे आणा. दिवसभर त्यांच्याबरोबर घरात जे असतं त्या व्यक्तीने बरोबर यावं. तुम्ही सकाळी आठला बाहेर पडत असाल तर तुमच्यापेक्षा तुमच्या पत्नीला जास्त माहीत असेल. चष्मा आणि असेल तर कानाचं यंत्र लावून आणा. आत गेल्यावर त्यांच्या वतीने उत्तरं देऊ नका. डॉक्टर त्यांच्याशी एकट्याने बोलायला मागतील तेव्हा बाहेर थांबा, आणि डॉक्टरांनी मागितलं नाही तर तुम्हीच तसं सुचवा.